कोकणातल्या घरात फ्लाइट सिम्युलेटर: अ‍ॅड-ऑन निवडण्यापासून काट्याचं गेज बसवण्यापर्यंत

सिम्युलेटर संगणकात उतरवला की बहुतेकांचा पहिला खर्च देखाव्यावर होतो. नवं विमानतळ, नवं विमान, ढगांचं नवं रूप. काही दिवस मजा येते. मग लक्षात येतं की धावपट्टीवर उतरताना वेग किती आहे हे बघायला अजून माउसनेच कॅमेरा खाली ओढावा लागतो, आणि तेवढ्यात विमान मध्यरेषा सोडून गेलेलं असतं. म्हणून माझा आग्रह एकाच क्रमाचा आहे: आधी हाताला नीट धरायला काहीतरी, मग नजरेला काटा, आणि देखावा सगळ्यात शेवटी. काटा जागेवर दिसला की सेस्ना १७२ सारखं साधं शिकाऊ विमानसुद्धा शिकवायला लागतं.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची घरं डोळ्यासमोर ठेवून हे लिहितो आहे. पुण्या-मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये जे चालतं ते खारी हवा, जूनची वीज आणि वाऱ्यावर हलणारी केबल यांच्यात जसंच्या तसं चालत नाही.

सिम्युलेटर निवडताना आधी इंटरनेट बघा

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ हा १९ नोव्हेंबर २०२४ ला आला. त्याची भूमी, इमारती आणि बरीचशी विमानंसुद्धा उडता उडता इंटरनेटवरून येतात. किमान १० एमबीपीएस लागतो आणि शिफारस ५० एमबीपीएसची आहे. घरात फायबर असेल आणि तो पावसाळ्यात टिकत असेल तर देखाव्यात याला तोड नाही. पण आषाढात दर दोन दिवसांनी झाडाची फांदी पडून लाइन तुटणाऱ्या वाडीत राहत असाल, तर एक्स-प्लेन १२ घ्या. त्याची भूमी एकदा डिस्कवर उतरवली की इंटरनेट नसतानाही चालते. त्याचा डेमो फुकट आहे. आपल्या संगणकाला झेपतो का, हे पैसे भरण्याआधी त्यावरच पाहून घ्या.

फ्लाइटगिअर हा तिसरा पर्याय पूर्ण मोफत आणि मुक्तस्रोत आहे. दिसायला साधा, पण गेज जोडून शिकायला उत्तम. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी इथूनच सुरुवात करावी. जुन्या लॅपटॉपवर त्याची हलकी सेटिंग चालून जातात.

हाताचं काम

योक (विमानाचं दोन्ही हातांनी धरायचं स्टिअरिंग) घ्यायचा की जॉयस्टिक, हा वाद फार लांबवू नका. छोटी विमानं उडवायची असतील तर योक, एअरबस उडवायची असेल तर साइडस्टिक, आणि ठरत नसेल तर जॉयस्टिक. आपल्याकडे याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: आत पोटेन्शिओमीटर आहे की हॉल सेन्सर? पोटेन्शिओमीटरमध्ये पट्टीवर सरकणारा संपर्क असतो. खाऱ्या दमट हवेत तो लवकर खराब होतो, आणि हात स्थिर असताना पडद्यावर विमान थरथरायला लागतं. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासणारं काही नसतं. थोडे पैसे जास्त पडले तरी किनाऱ्यावर हॉल सेन्सरवालाच घ्यावा.

सेटिंगमध्ये मधला मृत पट्टा (डेड झोन, जिथे स्टिक हलली तरी विमान दाद देत नाही) दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नका आणि संवेदनशीलतेचा वक्र मधोमध जरा सपाट करा. पायाला पॅडल मिळाली तर फारच चांगलं, नाहीतर स्टिक पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) देता येतो.

अ‍ॅड-ऑन: एका वेळी एकच

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरून आणलेलं प्रत्येक अ‍ॅड-ऑन, म्हणजे जोडीचं विमान किंवा देखावा, कम्युनिटी नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. सिम्युलेटर सुरू होताना तो फोल्डर वाचतो. अ‍ॅड-ऑन काढायचं असेल तर त्याचा फोल्डर तिथून हलवला की झालं. इतकं सोपं असल्यामुळेच लोक एका रात्रीत वीस गोष्टी टाकतात, आणि सिम्युलेटर उघडायचं बंद झालं की दोष कुणाचा ते कळत नाही. एक टाका, उघडा, दहा मिनिटं उडवा, मग दुसरं. अ‍ॅड-ऑन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवून हवं तेव्हा जोडणारी अ‍ॅडऑन्स लिंकरसारखी मोफत साधनं आहेत, तीही वापरा.

एक्स-प्लेनमध्ये विमानं, प्लगइन आणि भूमी यांचे फोल्डर वेगळे असतात. भूमीचा फोल्डर म्हणजे कस्टम सीनरी. त्यात सीनरी पॅक्स नावाची एक साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यातला क्रम फार महत्त्वाचा. सर्वांत वर विमानतळ, त्याखाली रस्ते-झाडांचे थर, त्याखाली उपग्रहचित्रांची भूमी, आणि तळाला भूपृष्ठाची जाळी. नवीन टाकलेली गोष्ट आपोआप वर जाऊन बसते. त्यामुळे उपग्रहचित्रांची भूमी विमानतळावर चढते आणि इमारती गायब होतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडून ओळ खाली हलवली की सगळं परत येतं.

आपला किनारा खरा दिसावा असं वाटत असेल तर एक्स-प्लेनसाठी ऑर्थो४एक्सपी हे मोफत साधन आहे. ते एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश अशा चौकोनांनी काम करतं. कोकणाला फार चौकोन लागत नाहीत. १५-७३ मध्ये वेंगुर्ला, १६-७३ मध्ये मालवण, देवगड, विजयदुर्ग, १६-७३ आणि १७-७३ च्या सीमेवर रत्नागिरी, १७-७३ मध्ये गुहागर, दापोली, १८-७३ मध्ये श्रीवर्धन, आणि १८-७२ मध्ये मुरुड-जंजिरा आणि अलिबाग. चित्राची झूम पातळी १६ ठेवा. एक पातळी वाढवली की चित्रांची संख्या चौपट होते, डिस्क भरते आणि डाउनलोडला रात्री जातात. सिंधुदुर्ग किल्ला किंवा हर्णैचा सुवर्णदुर्ग जवळून बघायचा असेल तर तेवढ्याच भागाला १७ द्या.

विमानांबाबत माझं स्पष्ट मत आहे: पहिले सहा महिने सेस्ना १७२ सोडू नका, आणि त्याची काट्यांच्या गेजची आवृत्ती घ्या, गार्मिन जी१००० च्या पडद्याची नव्हे. एअरबसची ओढ असेल तर फ्लायबायवायरचं ए३२० निओ मोफत आहे आणि कामही फार मनापासून केलेलं आहे. पण ते नंतर.

पहिली पायरी: सहा गेज जुन्या मॉनिटरवर

छोट्या विमानात वैमानिकासमोर सहा मुख्य गेज असतात. वरच्या ओळीत डावीकडून वेग, विमानाचा कल आणि उंची. खालच्या ओळीत वळण, दिशा आणि चढण्या-उतरण्याचा दर. ही सहा गेज खऱ्या काट्यांनी एकदम बनवायला घेऊ नका. आधी ती पडद्यावर आणा, नजरेला त्यांची सवय लावा. पुढे कोणतं गेज खरं करायचं ते आपोआप कळतं.

यासाठी एअर मॅनेजर हा सशुल्क प्रोग्रॅम सर्वांत सोयीचा आहे. तो सिम्युलेटरकडून आकडे घेतो आणि दुसऱ्या मॉनिटरवर हवी ती गेज हव्या त्या मापात काढतो. जुना १७ किंवा १९ इंची एलसीडी मॉनिटर भंगारवाल्याकडे किंवा बंद झालेल्या सायबर कॅफेत मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उजवी आल्ट कळ दाबून काचेच्या पडद्यावर क्लिक केलं की तो पडदा वेगळ्या खिडकीत निघतो. ही युक्ती जी१००० सारख्या पडद्यांना चालते, काट्यांच्या गेजना नाही. म्हणून आपल्याला एअर मॅनेजर किंवा तसं काहीतरी लागतंच.

मॉनिटरसमोर भोकं पाडलेली पाटी बसवा. खऱ्या विमानातल्या गेजचं प्रमाणित भोक सव्वातीन इंचाला थोडं कमी, म्हणजे सुमारे ७९ मिलिमीटरचं असतं. तेच माप ठेवा, कारण पुढे खरं गेज त्याच भोकात येणार आहे. पाटी तीन मिलिमीटर काळ्या अ‍ॅक्रिलिकची. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण अशा गावांत दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे लेझर कटिंग करून मिळतं. कागदावरचं रेखाटन नेऊ नका, सीडीआर किंवा डीएक्सएफ फाइल न्या, आणि आधी पुठ्ठ्यावर एक कापून मॉनिटरसमोर धरून बघा.

दुसरी पायरी: वेगाचा काटा खरा करणं

पहिलं खरं गेज वेगाचंच करा. काटा एकच, तो पूर्ण फेरा घेत नाही, आणि उतरताना नजर सर्वांत जास्त त्याच्याकडे जाते.

सामान थोडं आहे. एक आर्डुइनो मेगा २५६० (संगणकाला जोडायचा छोटा कंट्रोलर बोर्ड), एक एक्स२७.१६८ स्टेपर (पावलापावलाने फिरणारी) मोटर, अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, छापील तबकडी आणि वायर. एक्स२७.१६८ ही गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये वापरली जाणारी चिमुकली मोटर आहे. ती ३१५ अंश फिरते, एका पावलात अंशाचा तिसरा भाग सरकते आणि दोन्ही टोकांना आतच अडते. हे अडणं आपल्या फायद्याचं आहे, कारण सुरू होताना ती मागे जाऊन टेकते आणि शून्य आपोआप सापडतं. सॉफ्टवेअर मोबीफ्लाइट, तेही मोफत. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन दोन्हींशी ते बोलतं.

तबकडी आधी करा. सेस्ना १७२एसच्या वेगपट्ट्या अशा: पांढरी ४० ते ८५ नॉट, हिरवी ४८ ते १२९, पिवळी १२९ ते १६३, आणि १६३ ला लाल रेघ. पांढरी पट्टी म्हणजे फ्लॅप (उतरताना खाली सोडायच्या पंखाच्या झडपा) वापरता येतील तो पल्ला. तबकडी मॅट कागदावर छापा आणि वर मॅट लॅमिनेशन करा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट परावर्तित होते आणि काटा दिसत नाही. रेडियमवाल्याकडून स्टिकरवर छापून घेतली तर दमटपणात कागदासारखी फुगत नाही.

मोटर अ‍ॅक्रिलिकच्या मागे बसवा, दांडा मधल्या भोकातून पुढे काढा. मोटरच्या चार पिना मेगाच्या २२, २३, २४, २५ या पिनांना जोडा. मेगाच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिना संगणकाशी बोलायला लागतात, त्यांना हात लावू नका. स्वस्त मेगावर सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो. मग मोबीफ्लाइट उघडलं की ते बोर्ड ओळखतं आणि त्यावर स्वतःचं फर्मवेअर (बोर्डवर चालणारा प्रोग्रॅम) चढवायचं का ते विचारतं. हो म्हणा. त्यानंतर उपकरणांच्या यादीत स्टेपर जोडा, प्रकार एक्स२७ निवडा, पिना द्या आणि बोर्डवर अपलोड करा. चाचणीत काटा फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरला तर पिनांचा क्रम चुकला आहे. एका जोडीतल्या वायरी अदलाबदल करून पाहा.

काटा मात्र अजून बसवायचा नाही. बोर्ड चालू करून मोटरला शून्यावर जाऊ द्या, आणि ती टेकल्यावरच काटा शून्याच्या खुणेवर हलकेच दाबा. काटा हलका हवा. पातळ प्लॅस्टिकची पट्टी किंवा कडक कार्ड कापून पांढरं रंगवलं तरी पुरतं. पितळेचा काटा दिसतो देखणा, पण या मोटरला तो जड होतो, पावलं चुकतात आणि तासाभराने काटा दहा नॉट खोटं बोलायला लागतो.

आता सगळ्यात नाजूक काम, काट्याचं मोजमाप. वेगाच्या तबकडीवर अंतरं सारखी नसतात. ४० पासून ६० पर्यंतचं अंतर आणि १२० पासून १४० पर्यंतचं अंतर एकच धरलं तर काटा मधेच चुकतो. मोबीफ्लाइटमध्ये इंटरपोलेशन नावाची सोय आहे, तीत वेग आणि त्याला लागणारी पावलं अशा जोड्या भरता येतात. तबकडीवर कोनमापक ठेवून ०, ४०, ६०, ८० असं १६० पर्यंत प्रत्येक खुणेचा कोन मोजा, कोनाला तीनने गुणा, आलेली पावलं तक्त्यात लिहा. मग चाचणीचा आकडा देऊन प्रत्येक खूण तपासा आणि चुकेल तिथे पाच-सात पावलं मागेपुढे करा. या कामाला एक अख्खी संध्याकाळ द्या, घाई करू नका. गेज विश्वासाचं ठरतं ते इथेच.

शेवटी आकड्याचा स्रोत म्हणून दर्शित हवाई वेग (इंडिकेटेड एअरस्पीड) हे चल निवडा. जमिनीवरचा वेग निवडू नका. वारा समोरून असला की दोन्हींत मोठा फरक पडतो, आणि पंखाला कळतो तो हवेतलाच वेग.

तिसरी पायरी: उंची, आणि पावसाळ्यातला दाब

उंचीच्या गेजला लांब काटा हजार फुटांत एक पूर्ण फेरा घेतो. इथे अडणारी मोटर चालत नाही. २८बीवायजे-४८ ही मोटर यूएलएन२००३ बोर्डासह घ्या. तिच्या एका फेऱ्याला २०४८ पावलं लागतात, पण शून्य कुठे हे तिला ठाऊक नसतं, म्हणून तबकडीमागे एक हॉल किंवा प्रकाशाचा सेन्सर लावून मोबीफ्लाइटला ती पिन शून्यासाठी द्यावी लागते. ही मोटर जास्त करंट खाते. तिला मेगाच्या पाच व्होल्टवर चालवू नका, वेगळा ५ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर द्या आणि दोन्हींचा ग्राउंड एकत्र जोडा. ग्राउंड जोडला नाही तर मोटर मनमानी फिरते.

एकात एक दोन काटे बसवायच्या नादी पहिल्यांदा लागू नका. शंभरांसाठी एक काटा, आणि हजारांसाठी मॅक्स७२१९ चा छोटा अंकदर्शक. खऱ्या विमानांतही काटा आणि अंकांचं चाक अशी उंचीमापकं असतात.

उंचीमापकाला दाब लावायचा घुंडीवाला भाग हवाच. ईसी११ रोटरी एन्कोडर घ्या आणि मोबीफ्लाइटच्या तयार यादीत कोल्समन (उंचीमापकाच्या दाबाच्या खिडकीचं नाव) शोधून वाढवणं आणि कमी करणं अशा दोन क्रिया त्याला द्या. प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, अमेरिकी विमानांच्या खिडकीत तोच २९.९२ इंच दिसतो. मोसमात आपल्या किनाऱ्यावर दाब बराच खाली येतो, १००३ च्या आसपास असणं नेहमीचं. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २७ फूट. म्हणजे खरं हवामान चालू ठेवून दाब १०१३ वरच राहू दिला तर गेज पावणेतीनशे फूट जास्त दाखवेल, आणि ढगातून खाली येताना जमीन अपेक्षेपेक्षा आधी येईल. १००३ हेक्टोपास्कलसाठी इंचांत २९.६२ लावायचं. जुलैमध्ये सिम्युलेटर उघडल्यावर पहिलं काम हेच.

बटणांबद्दल थोडक्यात. मास्टर (विजेचा मुख्य स्विच), दिवे, इंधनपंप यांना साधे टॉगल स्विच पुरतात. प्रत्येकाला चालू आणि बंद अशा दोन स्वतंत्र क्रिया द्या. उलटापालट करणारी एकच क्रिया दिली तर स्विच वर असताना सिम्युलेटरमध्ये दिवा बंद, असा घोळ होतो.

खाऱ्या हवेपासून सांभाळ

चौकट साध्या प्लायची नको. दोन पावसाळ्यांत ती फुगते आणि गेजची भोकं वाकडी होतात. आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांना वॉर्निश द्या. स्टेनलेस स्क्रू वापरा.

जोडणीच्या वायरी खोचून ठेवायच्या जंपरवर विसंबू नका. चाचणीपुरत्या त्या ठीक, पण तांब्यावर हिरवट थर चढला की संपर्क येतो-जातो. पक्कं ठरल्यावर सोल्डर करा, टिन केलेली वायर वापरा, आणि बोर्डांवर संरक्षक वार्निशचा फवारा मारा. यूएसबी आणि सेन्सरची टोकं फवारताना चिकटपट्टीने झाका. एन्कोडर अडखळायला लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड अर्धा तास सगळं चालू ठेवा, आतली उष्णता ओल काढते. सिलिका जेलची पिशवी पेटीत ठेवाच, आणि ती उन्हात वाळवत राहा.

विजेचं म्हणाल तर ६०० व्हीएच्या यूपीएसला साधारण ३६० वॉटचाच भार झेपतो. ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला तो कमी पडतो, १००० व्हीए किंवा पुढचा घ्या. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर त्याच्यावरचा यूपीएसचा मोड चालू करा, म्हणजे बदल लवकर होतो. वैशाखातल्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात प्लग आणि नेटवर्कची वायर दोन्ही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग सुकतं. धातूच्या पाटीला हात लावल्यावर चिमटा बसत असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, तोवर वापरू नका.

चाचणीचं उड्डाण

गोव्यातला मोपा विमानतळ ते सिंधुदुर्गातला चिपी हे अंतर सुमारे २५ नॉटिकल मैल आहे. सेस्नाने सरळ गेलं तर पाव तास, किनारा धरून गेलं तर थोडं जास्त. नवीन गेज तपासायला एवढं पुरतं. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला आणि धावपट्टी २५०० मीटरची आहे, शिकाऊ हाताला भरपूर मोठी.

निघण्याआधी सगळे काटे शून्यावर आहेत का पाहा, मोपाचा दाब लावा, आणि उंचीचा काटा विमानतळाची उंची दाखवतो का ते जुळवा. ५५ नॉटला नाक उचला, ७४ नॉटवर चढा. चढताना हाताच्या गेजकडे आणि पडद्यावरच्या गेजकडे आलटून-पालटून बघा. काटा उशिरा हलत असेल तर स्टेपरचा वेग वाढवा, झटके घेत असेल तर कमी करा. १५०० फुटांवर सरळ व्हा. तेरेखोलची खाडी, रेडी, शिरोड्याची मिठागरं, मग वेंगुर्ला, आणि डावीकडे समुद्रात वेंगुर्ला रॉक्स. इथे प्रमाणित दराने एक पूर्ण वळसा घ्या. वळणाचं गेज बरोबर असेल तर त्याला दोन मिनिटं लागतात. घड्याळ लावूनच बघा. निवती मागे पडली की फ्लॅप सोडत ६५ नॉटवर या. शेवटच्या दोन मैलांत पडद्यावरच्या गेजवर कागद चिकटवा आणि फक्त बनवलेल्या काट्यावर उतरा. ६५ धरून विमान सावकाश टेकलं तर मोजमाप जमलं. ६५ दाखवत असताना वेग फार कमी झाल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तर तक्त्यातल्या ६० आणि ८० च्या ओळी पुन्हा तपासा.

हे जमलं की त्याच दिवशी मोबीफ्लाइटची कॉन्फिग फाइल, एअर मॅनेजरचं पॅनेल, जॉयस्टिकची सेटिंग आणि एक्स-प्लेनची सीनरी पॅक्स फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पिनांचा नकाशा कागदावर काढून चौकटीच्या आत चिकटवा. सिम्युलेटरचा मोठा अपडेट आला की आधी कम्युनिटी फोल्डर बाजूला हलवून रिकाम्या फोल्डरने एकदा उडवा, गेज चालतात का बघा, आणि मगच अ‍ॅड-ऑन एकेक करून परत आणा.